दोन पानांचा आरसा

कारखान्यात बाईंना सगळे ओळंबा म्हणत. समोर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला लटकणारं ते वजन, भिंत सरळ उठली आहे की पोट काढून उभी आहे ते सांगणारं. मालकांच्या खोलीतलं कॅलेंडर तिरकं दिसलं, तर बोलणं अर्धवट सोडून बाई आधी ते सरळ करायच्या आणि मग विचारायच्या, "हं, काय म्हणत होतात?" जेवणाच्या सुट्टीत शेजारणीने डब्याचं झाकण वाकडं लावलं तरी यांचा घास अडायचा. अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप. पण त्यांच्या हातून वस्तू अशी निघायची की नावं ठेवायला जागा नसे.

कारखान्यात प्रवासाला लागणाऱ्या वस्तू होत. घडीचे हँगर, साबणाच्या डब्या, झाकणात आरसा बसवलेल्या दाढीच्या पेट्या, बॅगांची कुलपं. खाली यंत्रांचा खडखडाट, आणि लोखंडी जिना चढून वर गेलं की नमुन्यांची खोली. तिथे उत्तरेच्या खिडकीशी एक लांब टेबल, टेबलावर कानशी, पक्कडी, पत्र्याचे तुकडे, आणि टेबलामागे बाई. नवी वस्तू आधी त्यांच्या हातून एक व्हायची आणि मग खाली यंत्रावर चढायची.

मग बाईंच्या डाव्या कानाखाली एक गाठ आली. शेंगदाण्याएवढी होती तोवर त्यांनी मनावर घेतलं नाही, लिंबाएवढी झाल्यावर घेतलं. गाठ काढली. तपासणीत साधी निघाली, म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तोंड हलवणारी नस नेमकी त्या गाठीतून गेलेली होती, आणि गाठ सोडवताना ती दुखावली. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा तोंडाची डावी बाजू खाली उतरलेली होती. डावी पापणी पुरती मिटत नव्हती. गाल आणि कानाची पाळी बधिर. हात लावला की हाताला गाल कळायचा, गालाला हात कळायचा नाही. कोणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा तो गाल बाई बाळगून होत्या.

वाईट वाटलं का? नाही. हेच तर विचित्र होतं. भेटायला आलेल्या बायका डोळ्यांना रुमाल लावून गेल्या आणि बाई खाटेवर बसून समोरच्या खिडकीचा पडदा एका बाजूने खाली का आला आहे, ते बघत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, राग आला नाही. घरी आल्यावर त्यांनी एकच केलं. मोरीतल्या आरशावर टॉवेल टाकला. यजमानांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं आणि दुकान उघडण्याआधी त्यांना दाढी लागे. ते टॉवेलाचं एक टोक उचलून खांद्यावर घेत, दाढी करत आणि टॉवेल पुन्हा होता तसा सोडत. याविषयी दोघांत एक शब्दही झाला नाही. काही माणसांचं प्रेम असं मूग गिळून बसतं, आणि ते बरं की वाईट हे मला तरी अजून ठरवता आलेलं नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. "नस तुटलेली नाही, दुखावली आहे. तिला पुन्हा शिकवावं लागेल. रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर बसायचं. आरसा हातात धरायचा नाही, दोन्ही हात मोकळे हवेत. एका हाताने उजवी बाजू दाबून ठेवा, नाहीतर ती सगळं काम एकटीच उरकते. दुसऱ्या हाताने डावी वर उचला आणि म्हणा ‘ई’. मग ‘ऊ’. आणि बघितल्याशिवाय करू नका हं, न बघता केलं तर भलतंच वळण लागतं."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"पहिले महिने महत्त्वाचे. उशीर केलात तर मग मी काही बोलू शकणार नाही."

बाईंनी मान डोलावली, फी दिली, घरी आल्या आणि टॉवेल होता तिथेच राहू दिला.

आता खरी गोष्ट. बाईंना एकुलती एक लेक, ती दुसऱ्या गावी. ऑपरेशनच्या वेळी तिला दिवस गेलेले होते, म्हणून तिला येऊ दिलं नाही. पुढे तिचं बाळंतपण आलं, तेव्हा बाईंनी जायचं ठरलं होतं. दुपटी शिवून तयार होती, बॅग भरलेली होती. आदल्या दिवशी बाईंनी बॅग यजमानांच्या हातात दिली. "तुम्ही जा. कामाचा खोळंबा आहे." यजमान गेले, नातीला बघून आले, आणि आल्यावर इतकंच म्हणाले, "नाक तुझ्यासारखं आहे." लेकीच्या पाठीशी तेव्हा शेजारची एक म्हातारी उभी राहिली. सख्खी आई इथे घडीच्या हँगरला वंगण लावत होती.

"तोंड सरळ झालं की जाते," असं बाई म्हणत. "लहान जीव घाबरेल उगाच." आता याला काय म्हणायचं? सरळ झाल्यावर जायचं, आणि सरळ होण्यासाठी जे करायचं ते करायचं नाही. भांड्याखाली जाळ लावायचा नाही आणि पाणी तापलं की आंघोळ करते म्हणायचं, त्यातली गत. पण बाईंना हे कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकून घेऊन समोरची फूटपट्टी सरळ केली असती.

लेक फोन करायची. बाई कॅमेरा बंद ठेवायच्या. आधी म्हणाल्या बिघडला आहे, मग म्हणाल्या कळत नाही कुठे दाबायचं. यंत्रांचे नकाशे वाचणाऱ्या बाईचं हे बोलणं कोणाला पटणार? प, ब, म आला की ओठांतून हवा निसटे, म्हणून फोनवर बाई असे शब्द टाळून बोलत. त्यामुळे त्यांचं बोलणं अगदी कोरडं, तुटक झालं होतं. "ठीक. रडत नाही ना? हो. ठेवते." नातीला बाळसुद्धा म्हणता येत नव्हतं.

एकदा लेक म्हणाली, "आई, ती आता कुशीवर वळायला लागली. तू काय एकदम तिच्या लग्नालाच येणार आहेस?"

"येते गं. जरा धीर धर."

"धीरच धरला आहे की," लेक म्हणाली. त्यानंतर तिचे फोन बाईंना येईनासे झाले. ती बाबांच्या दुकानात फोन करायची. संध्याकाळी यजमान जेवताना बातमी सांगत. बाई ऐकत आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळणारं पाणी रुमालाने टिपत.

अशातच भिंगरी मालकांना घेऊन नमुन्यांच्या खोलीत आला. भिंगरी म्हणजे कारखान्याचा फिरता विक्रेता. पायाला भिंगरी लागलेला म्हणून ते नाव. महिन्यातले मोजके दिवस घरी, बाकी लॉजच्या खोल्यांत. बोलायला लागला की समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरायचं नाही.

"ताई, एक वस्तू करा बुवा. लॉजमध्ये आरसा कुठे असतो? जिथे दिवा नसतो तिथे. दिवा असतो तिथे खुंटी. मी पेटीचं झाकण ग्लासाला टेकवतो, तोंडाला साबण लावतो, आणि झाकण धपकन खाली. परवा तर सरळ बादलीत. मला असा आरसा द्या की घडी करून बॅगेत वहीसारखा सरकवला पाहिजे, आणि उघडला की कशालाही न टेकता उभा. खिडकीत, खुर्चीवर, कुठेही. दोन्ही हात मोकळे पाहिजेत हो माणसाचे!"

मालकांनाही कल्पना पटली. बाकीच्या कारखान्यांनी असा आरसा काढायच्या आत आपला निघाला पाहिजे, म्हणाले. आरशाचं काम आपण कोणाला सांगतो आहोत, ते मग दोघांच्याही ध्यानात आलं. भिंगरी छताकडे बघायला लागला. मालक म्हणाले, "म्हणजे, घाई नाही. दुसऱ्या कोणाला..."

"करते," बाई म्हणाल्या.

त्यांना खरंच काही वाटलं नव्हतं. आरसा म्हणजे त्यांच्या लेखी चकचकीत पत्रा. दाढीच्या पेट्यांच्या झाकणातले आरसे त्या वर्षानुवर्षं तपासत आल्या होत्या, आणि आरसा तपासणारं माणूस आरशात स्वतःला बघत नाही. ते बघतं चौकटीचा कागद. गणिताच्या वहीचा कागद आरशासमोर धरायचा. चौकटी सरळ दिसल्या तर पत्रा सपाट, लाटेसारख्या दिसल्या तर पत्रा बाद. तोंडाचा काय भरवसा, ते झोप झाली की वेगळं आणि जागरण झालं की वेगळं. कागद खोटं बोलत नाही. एवढंच की पूर्वी बाई कागद खांद्याशी धरत. ऑपरेशननंतर त्यांनी कागदाला मधोमध एक भोक पाडलं. कागद तोंडासमोर धरायचा आणि उजव्या डोळ्याने भोकातून बघायचं. आरशात चौकटी दिसत आणि एक डोळा, दुसरं काही नाही.

काम सुरू झालं. काचेला फाटा दिला, कारण बॅगा आपटतात. स्टीलचा पत्रा घासून घासून आरशासारखा केला. मागे तारेचा पाय लावला, तर ओल्या फरशीवर पाय घसरला. पाय रुंद केला, तर घडी जाड झाली. डबीच्या झाकणालाच बैठक केली, तर हलकी झाली आणि पंख्याच्या वाऱ्याने आडवी पडली. एक लाकडी खाचेचा नमुना बरा उभा राहिला, पण खाचेचा ठोकळा वेगळा बाळगायचा, म्हणजे पहिल्याच मुक्कामाला तो हरवणार. बाईंच्या टेबलाखाली बाद नमुन्यांचा ढीग झाला. त्या कंटाळल्या नाहीत आणि खूशही झाल्या नाहीत. सकाळी टेबलाशी बसत, संध्याकाळी उठत. कामाला एक बरं असतं, ते माणसाला तू कशी आहेस असं विचारत नाही.

मग एका रविवारी यजमान दुकानातला माल मांडत होते. कोऱ्या वह्या लोकांना दिसाव्यात म्हणून त्यांनी एक वही अर्धी उघडून फळीवर उभी केली. वही उभी राहिली. बाई बघत होत्या. वहीला पाय नाही, टेकू नाही, आणि तरी उभी. दोन पानं एकमेकींना धरून.

त्यावर बाई अशा तुटून पडल्या की आठवडाभरात नमुना तयार. दोन पत्रे, मधे उभी बिजागरी. मिटलं की वही, उघडलं की दोन पानांचा आरसा. वही किती उघडली की सगळ्यांत घट्ट उभी राहते? काटकोनात. बाईंचा जीव काटकोनावर होताच. त्यांनी बिजागरीला असा अडसर केला की आरसा काटकोनात येऊन टक्क थांबावा, पुढे नाही, मागे नाही. दोन पत्र्यांच्या कडा घासून इतक्या जुळवल्या की मधली फट केसाएवढी राहिली. वरून पाणी ओतलं, टेबल हलवलं, पंखा लावला. आरसा ढिम्म. मग कागद तोंडासमोर धरून भोकातून पाहिलं. एकेक चौकट सरळ, फटीपाशीसुद्धा रेघेला रेघ मिळालेली. बाईंनी मालकांना बोलावलं.

मालकांनी आरसा उघडला, मिटला, तळहातावर तोलला, चष्मा लावून बिजागरी बघितली. "झकास," म्हणाले. आत मात्र बघितलं नाही. खालच्या कारागिरांनी हाताळला, त्यांनीही नाही. त्या खोलीत बाईंसमोर आरशात बघायचं नाही, हा नियम कोणी केला नव्हता, पण सगळे पाळत होते. एरवी जाता-येता पेटीच्या झाकणात केस सारखे करणारी माणसं, जिना चढली की नजर पायांकडे. ‘तोंड वाकडं’ असा शब्दसुद्धा कारखान्यातून गायब झाला होता. एवढ्या भल्या लोकांचा कारखाना, आणि त्या भलेपणामुळेच आरसा कोणी आरशासारखा बघितलाच नाही.

भिंगरीने तो बॅगेत टाकला आणि दौऱ्यावर गेला.

परत आला तो हनुवटीला एक पट्टी, गालाला दुसरी आणि केसांचा भांग भलत्याच बाजूला. जिन्यावरूनच त्याचा आवाज आला.

"ताई, हा आरसा आहे की भानामती? मी वस्तरा इकडे नेतो, आतला तिकडे नेतो! कान वाचला ते नशीब. दुकानदाराला ऐटीत दाखवायला गेलो, तर तो म्हणतो, यात माझं नाक वाकडं दिसतंय. मी बघितलं तर माझंही वाकडं! आणि भांग, जन्मभर डावीकडे पाडतोय, तो आतला उजवीकडे पाडतो. म्हणून मी बदलला, तर बाहेर लोक हसायला लागले!"

"पत्रा सपाट आहे," बाई म्हणाल्या. "कागद सरळ दिसतो. मी तपासलाय."

"कागद दिसत असेल हो. मी कागद आहे का?" भिंगरीने आरसा टेबलावर टक्क उघडून ठेवला. "तुम्ही स्वतः बघा ना एकदा आत!"

बोलल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. त्याने पट्टीला हात लावला, "मी चहा घेऊन येतो," असं काहीतरी पुटपुटला आणि जिना उतरून गेला.

बाईंनी कागद उचलला. तोंडासमोर धरला, भोकातून बघितलं. चौकटी सरळच होत्या. कागदाच्या कोपऱ्यात यजमानांच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. ते आरशात दिसत होतं आणि वाचता येत होतं. आरशातली अक्षरं वाचता येत नसतात. आरशातली अक्षरं उलटी असतात. ही सुलटी होती. आणि बाईंच्या डाव्या हाताकडचा तो कोपरा आरशात उजवीकडे गेला होता.

मग त्यांना उमगलं. काटकोनात उभी दोन पानं. या पानावर पडलेलं त्या पानावर जातं आणि तिथून परत डोळ्यात येतं. दोनदा उलटलं की सुलटं. हा आरसा माणसाला त्याची नेहमीची आरशातली छबी दाखवतच नव्हता. समोरच्याला माणूस जसा दिसतो तसा तो दाखवत होता. चौकटींना डावं-उजवं नसतं, त्या कशाही उलटवल्या तरी चौकटीच. तोंडाला असतं. तोंडासमोर कागद धरणाऱ्या माणसाला हे कळणार कसं?

बाईंनी कागद खाली ठेवला.

आत एक बाई होती. पहिली गोष्ट बाईंना जाणवली ती ही, की पडलेली बाजू चुकीच्या ठिकाणी आहे. आरशात ती डाव्या हाताला दिसायला हवी, इथे ती उजव्या हाताला होती, बसमध्ये समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाची दिसते तशी. त्यामुळे असेल, पण हे आपलं तोंड आहे असं त्यांना वाटेना. ती कोणी दुसरीच बाई होती, आणि दुसऱ्या बाईकडे बघायला काय हरकत? त्यांनी बघितलं. नमुना तपासावा तसं बघितलं. ओठाचा कोपरा खाली. नाकापासून तोंडाकडे येणारी रेघ एका बाजूला आहे, एका बाजूला पुसलेली. डोळा थोडा उघडा, पाणावलेला. गळ्यापाशी टाक्यांचा वण, बराचसा सरळ. वाईट, पण भयंकर नाही. मनात त्यांनी काय काय धरलं होतं, त्यापेक्षा पुष्कळच साधं. दुकानात अशी बाई शेजारी उभी असती, तर बाईंनी तिला जरा पुढे होऊ दिलं असतं आणि घरी जाईपर्यंत विसरूनही गेल्या असत्या.

मग त्यांच्या मनात आलं, या बाईने इतके महिने व्यायाम का केला नाही? काय करत होती ही? आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांना कोणाचातरी राग आला. फार नाही, जरासा. पण आला.

आरसा दुरुस्त करणं अवघड नव्हतं. आरसा एकाच पानाला ठेवायचा, दुसरं पान साधा पत्रा, आणि बिजागरी उभी न लावता आडवी लावायची, म्हणजे टेबलावरच्या कॅलेंडरसारखा तंबू उभा राहतो. भिंगरीने त्यात दाढी करून दाखवली, सगळ्यांसमोर, नमुन्यांच्या खोलीत साबण उडवत. तो आरसा खाली यंत्रावर चढला आणि चांगला खपला. पहिला, दोन पानांचा, बाई घरी घेऊन गेल्या. खिडकीत ठेवला आणि समोर बसल्या. एक हात उजव्या गालावर, एक डाव्यावर. ई. ऊ. यजमानांनी दारातून बघितलं, आत गेले, आणि थोड्या वेळाने मोरीतून टॉवेल झटकल्याचा आवाज आला.

या आरशात हात आधी चुकायचे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी साधा आरसा वापरायला लावला. त्यांनी बाईंचं तोंड इकडून तिकडून दाबून बघितलं आणि विचारलं, "सुरुवातीला का नाही केलंत?"

बाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"डोळा सुधारेल बहुतेक. ओठ थोडा येईल. पूर्वीसारखं होणार नाही. तेव्हा सुरू केलं असतं तर..." डॉक्टरीणबाई थांबल्या. "असो. आता सोडू नका."

म्हणजे सरळ झाल्यावर जायचं, तर आता कधीच जायचं नव्हतं. बाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या. आपल्याला वाईट वाटतंय का, ते त्यांनी चाचपून बघितलं. नीट सांगता येईना. घरी येऊन त्या यजमानांना म्हणाल्या, "उद्या लेकीकडे जाते."

"मी येऊ?"

"नको."

"तिला कळवू?"

बाईंनी जरा विचार केला. "कळवा. नाही म्हणाली तर सांगा."

लेक नाही म्हणाली नाही. हो असंही म्हणाली नाही. "किल्ली शेजारी ठेवलेली नसते, दुपारच्या आत ये," एवढंच म्हणाली.

बाई पोचल्या तेव्हा लेकीने दार उघडलं, बाळ कडेवर. लेकीची नजर आईच्या तोंडावरून एकदा फिरली आणि खाली आली. लेक वाळली होती. डोळ्यांखाली काळं, गाऊनच्या खांद्यावर दुधाचा डाग.

"ये. चपला आतच काढ, बाहेरून जातात."

स्वयंपाकघरात दूध उतू जायला आलं होतं. लेकीने बाळ आईच्या हातात कोंबलं आणि ती गॅसकडे धावली. बाई तशाच उभ्या. त्यांनी बाळाला उजव्या खांद्याशी धरलं आणि मान अशी वळवली की त्याला एकच बाजू दिसावी. बाळ डोकं वळवून तोंड बघायला धडपडत होतं आणि बाई त्याच्यापासून तोंड लांब लांब नेत होत्या.

"नीट धर की तिला. मान लचकेल तिची."

"घाबरेल."

"कशाला घाबरेल?" लेक मागे वळली. "तिने तुझं आधीचं तोंड कुठे बघितलंय? ते आम्हाला माहीत. तिची आजी आहे ती ही अशीच."

बाईंनी बाळाला समोर धरलं. ते बघत राहिलं. ओठाकडे, डोळ्याकडे, मग पुन्हा ओठाकडे. भुवया जरा वर गेल्या. मग त्याने मोठी थोरली जांभई दिली आणि आजीच्या कॉलरचं टोक तोंडात घातलं.

लेक कपड्याने ओट्यावरचं दूध पुसत होती, पाठ करून. पुसून झालं तरी पुसत राहिली.

"मला कळा येत होत्या ना," ती म्हणाली, "तेव्हा मी आई आई करत होते. नर्स म्हणाली, कुठे आहे आई? बोलवा. मी काय सांगणार होते तिला? तुझं तोंड सरळ आहे की वाकडं, ते मी विचारत नव्हते, आई."

बाईंच्या छातीत काहीतरी दुखलं. इतके महिने काही दुखलं नव्हतं, त्यामुळे हे काय आहे ते कळायलाच त्यांना वेळ लागला.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "चुकलंच गं."

लेक ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. ओलं फडकं तिने पिळून नळावर टाकलं, तिरकंच, आणि डोळे मनगटाने पुसले.

"तिला घेऊन बस जरा," ती म्हणाली. "मी डोक्यावरून आंघोळ करून येते. कितीतरी दिवसांत निवांत केलेली नाही. रडली तर हाक मारू नकोस, फिरव तिला."

"जा तू. सावकाश ये."

लेक गेली. न्हाणीघराचं दार लागलं, पाण्याचा आवाज सुरू झाला. बाळ रडायला लागलं. बाईंनी हाक मारली नाही. त्या त्याला घेऊन त्या लहानशा खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिल्या.